फलाट क्रमांक गुरुवार

"उदगीरहून येऊन नांदेडकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक गुरुवारवर उभी आहे." हे वाक्य मी माईकवरून तीन वेळा बोललो आणि तिन्ही वेळा मला ते अगदी बरोबर वाटलं.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक आहे. लोक कंट्रोलर म्हणतात. जळकोटच्या बसस्थानकात जाळीच्या खिडकीमागे बसायचं, कोणती गाडी आली, कोणती गेली ते लिहायचं आणि माईकवरून सांगायचं, हे माझं काम. माझा आवाज खणखणीत आहे असं लोक म्हणतात, आणि मीही म्हणतो. पंधरा वर्षांत माझ्या चुकीने कोणाची गाडी गेली नव्हती. याचा मला गर्व होता, तो लपवण्यात अर्थ नाही.

पहिल्या वेळी लोक हसले. दुसऱ्या वेळी कॉलेजच्या दोन पोरींनी मोबाइल वर धरले. तिसऱ्या वेळी नांदेड गाडीचा ड्रायव्हर खिडकीशी आला. म्हणाला, "साहेब, आज बुधवार हाय. अन् गाडी दोनवर लागलीय."

मी म्हणालो, "तेच तर सांगून राहिलो." निदान मला तसं ऐकू आलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मी म्हणालो होतो, "तेच तर पंखा लावून राहिलो."

तोंड वाकडं झालं नव्हतं. उजव्या हाताची बोटं जरा जड वाटत होती, पण पेन धरता येत होतं. त्यामुळे झटका वगैरे कोणाच्या मनात आलं नाही. कोणी पित्त म्हणालं, कोणी ऊन म्हणालं. कँटीनवाल्याने लिंबूपाणी पाजलं, एकाने कांदा फोडून नाकाला लावला. मी मधेच माईकचं बटण दाबायला जायचो आणि ते माझा हात धरायचे. यात दोन तास गेले. मग बायको आली. तिने माझी दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाली, "गाडी बोलवा. माझ्या अप्पाला असंच झालतं."

लातूरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. मेंदूचा फोटो काढला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी बायकोला सांगितलं की मेंदूच्या एका भागाचं रक्त अडलं होतं, जिवाचा धोका टळल्यात जमा आहे, पण शब्द जिथे ठेवलेले असतात तिथे पसारा झालाय. "दोन तास आधी आणलं असतं तर जास्त बरं झालं असतं," असंही म्हणाले. हे मी मुद्दाम लिहितोय. घरातला माणूस अचानक भलतंच बोलायला लागला तर हसू नका, कांदा फोडू नका, गाडी काढा.

पठाण साहेबांचा नियम

पुढचं सगळं समजायचं तर आमच्या कामातली एक गोष्ट माहीत असायला हवी.

आमच्याकडे गाडी फलाटाला लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकतात. ज्याचा रुमाल, त्याची सीट. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण कोणी मोडत नाही. त्यामुळे माईकवर पूर्ण वाक्य ऐकायला कोणी थांबत नाही. गावाच्या नावातली पहिली दोन अक्षरं कानावर पडली की माणूस पळत सुटतो.

मी या कामावर नवीन होतो तेव्हा एकदा "उदगी…" एवढं म्हणून थांबलो आणि "नांदेड" म्हणालो. अर्धं स्थानक उदगीरच्या गाडीकडे धावलं होतं, ते उलट फिरलं. बाकीचे समोरून येत होते. त्या रेट्यात एक म्हातारी पडली आणि तिचं मनगट मोडलं. आमचे जुने कंट्रोलर पठाण साहेब, ज्यांच्या हाताखाली मी शिकलो, त्यांनी तिला स्वतःच्या गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं आणि परत येऊन मला समोर उभं केलं.

"बिरादार, मुंह से निकला तो पूरा निकालो," ते म्हणाले. "आधा बोल को रुके तो आधी पब्लिक इधर भागती, आधी उधर. गलत है तो गलतच पूरा बोलो. दम लेओ. बाद में सुधारित सूचना बोलो."

त्या म्हातारीचं मनगट माझ्या मनातून कधी गेलं नाही. मी ठरवलं की शब्द अर्ध्यावर तोडायचा नाही. चुकलं तर चुकलेलं वाक्य ठणठणीत पुरं करायचं, मग श्वास, मग दुरुस्ती. वर्षभरात जिभेला अशी शिस्त लागली की घरीसुद्धा मी तसाच बोलायला लागलो.

घरी मात्र महादेवी होती. माझी बायको भालकीकडची, माहेरची भाषा कानडी; मला हाकही कानडीतच मारते, "री", म्हणजे अहो. सव्वीस वर्षं जळकोटात राहून मराठी चांगलं बोलते, पण बोलता बोलता अर्ध्या शब्दावर थांबायचं, "अल्ल" म्हणायचं आणि दुसरा शब्द घ्यायचा ही तिची सवय. अल्ल म्हणजे कानडीत नव्हे. "पाहुणे सोमवा… अल्ल, मंगळवारी येणारेत." "वांग्याची… अल्ल, दोडक्याची भाजी करते." मला ते सहन व्हायचं नाही. मी म्हणायचो, "आधी ठरव, मग बोल." हे मी घरी म्हणायचो, पाहुण्यांसमोर म्हणायचो, तिच्या भावासमोरही म्हणालो. हळूहळू ती चारचौघांत कमी बोलायला लागली. मला वाटायचं, सुधारली.

बरं

लातूरच्या दवाखान्यात मी पंधरा दिवस होतो आणि त्या पंधरा दिवसांत मी भरपूर बोललो. काय बोललो ते मला नंतर बायकोने आणि मुलीने सांगितलं, कारण मला तेव्हा माझी एकही चूक ऐकू येत नव्हती. हा या दुखण्याचा सगळ्यात वाईट भाग. पाय मोडला तर कळतं. इथे मोडलंय हेच मोडलेल्याला कळत नाही.

सकाळी सहाला सिस्टर रक्तदाब बघायच्या. मग चहा, मग फिजिओवाले बोटांची उघडमीट करून घ्यायचे, मग मोठ्या डॉक्टरांचा राउंड. डॉक्टर विचारायचे, "बिरादार, आज कसं वाटतंय?" मी आदराने, स्पष्ट उच्चारात, माईकवर सांगावं तसं काहीतरी सांगायचो. त्यात गाव असायचं, फलाट असायचा, वेळही असायची, फक्त अर्थ नसायचा. बरोबरचे शिकाऊ डॉक्टर खाली बघायचे.

शेजारच्या खाटेवर केरबामामा होते. डाळमिलमध्ये पोती उचलण्यात आयुष्य गेलेला माणूस. झटक्यानंतर त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता, "बरं". जेवण आलं, बरं. सुई टोचली, बरं. आम्हा दोघांच्या तासन्‌तास गप्पा चालायच्या. मी वाटेल ते बोलायचो आणि ते दर वाक्याला "बरं" म्हणायचे. त्यांची बायको माझ्या बायकोला म्हणाली, "ह्या दोघांचं लई जमलंय बगा. घरी येवढं ऐकून घेत न्हाईत."

महादेवीला मी "उमरी" म्हणायचो. उमरी हे नांदेड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. माझं तिथे कोणी नाही. तरी डोक्यात महादेवी असायचं, तोंडातून उमरी निघायचं आणि माझ्या कानाला परत महादेवीच ऐकू यायचं. मुलगी नांदेडहून आली होती, ती रडायला लागली. "पप्पा, आईचं नाव सांगा न." मी खणखणीत सांगितलं, "उमरी."

बायको तिला म्हणाली, "ऱ्हाऊ दे. हाक मारून राहिलेत न? मला कळतंय." आणि ती त्या नावाला ओ द्यायला लागली.

मी मात्र तेवढा चांगला वागलो नाही. पाणी मागितलं की ही चप्पल का आणते, हे मला समजत नव्हतं. मला वाटायचं, सगळे मिळून माझी थट्टा चालवलीय. एकदा वरणाचं ताट भिंतीवर फेकलं. बायकोला नाही नाही ते बोललो. त्यातला एकही शब्द बरोबर निघाला नसणार, म्हणून तिला काही कळलं नसेल असं मी नंतर मनाचं समाधान करून घेतलं. अलीकडे तिला ते बोलून दाखवलं, तर म्हणाली, "कळलं होतं."

सुट्टी झाली त्या दिवशी केरबामामांनी माझा हात धरला आणि तीन वेळा "बरं" म्हणाले. पुढे त्यांचं काय झालं ते मला माहीत नाही.

हा कोण बोलतोय

बोलणं शिकवणाऱ्या तहसीन मॅडम नांदेडला भेटल्या. मुलीच्या घरी राहायचं आणि आठवड्यातून तीनदा त्यांच्याकडे जायचं असं ठरलं. वयाने माझ्या मुलीएवढ्या. मराठीत सुरू करायच्या आणि घाईत आल्या की दख्खनीत शिरायच्या.

त्यांनी कपाचं चित्र दाखवलं. "काका, हे काय आहे? आरामसे. जल्दी नक्को."

"तिकीट," मी म्हणालो.

त्यांनी चूक म्हटलं नाही, बरोबरही म्हटलं नाही. दहा-बारा चित्रं झाल्यावर मोबाइल पुढे केला. त्यात एक माणूस मोठ्या रुबाबात कपाला तिकीट, खुर्चीला वाहक आणि केळ्याला अहमदपूर म्हणत होता. मला हसू आलं. मॅडमनी विचारलं, "हा कोण बोलतोय?" आवाज ओळखीचा होता. ओळखला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. मग राग आला. मी चित्रांचा गठ्ठा जमिनीवर फेकला आणि हा मी नव्हे, हे माझं नव्हे, असं काहीतरी ओरडलो. मॅडमनी चित्रं गोळा केली. महादेवी वाकून मदत करायला लागली तर म्हणाल्या, "काकू, बसा. ये रोज का है."

तो दिवस मला लातूरच्या दिवसापेक्षा वाईट गेला. लातूरला मला वाटत होतं की जग बिघडलंय. नांदेडला कळलं, मी बिघडलोय. आवाज हीच माझी भाकरी आणि हाच माझा मान. बोलणाऱ्याची अंबाडी विकते असं म्हणतात, आणि इथे माझे गहू घरात सडत होते. माईक गेला तर मी कोण, हे मला सांगता येत नव्हतं, आणि तेव्हा तर काहीच सांगता येत नव्हतं. मुलीच्या घरच्या बाथरूममध्ये नळ सोडून मी रडलो.

तीन आठवडे गेले. आता मोबाइलवर ऐकलं की चूक कळायची, पण बोलताना नाही. एक दिवस मॅडमनी बायकोला विचारलं, "काकू, हे पहिल्यापासून असंच बोलायचे का? शब्द चुकीचा सुरू झाला की यांच्या डोळ्यांत दिसतं. भुवई हलते. पण थांबत नाहीत. पूरा बोल को छोडते."

महादेवीने पठाण साहेबांचा नियम सांगितला. रुमाल सांगितले, म्हातारीचं मनगट सांगितलं. मॅडम ऐकत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काका, सगळे लोक चुकीचा शब्द निघाला की अर्ध्यात ब्रेक मारतात. तुम्ही पंधरा वर्षं मेहनत करून ब्रेक काढून टाकलाय. आता तो परत बसवायचा."

एसटीतल्या माणसाला ब्रेकची भाषा लगेच कळते. फक्त जिभेला कळायला वेळ लागला.

उम…

मुलीच्या घरी एका सकाळी मला चहा हवा होता. बायको ओट्याशी होती. मी हाक मारली, "उम…"

आणि थांबलो. काहीतरी खटकलं. जिन्यावरून उतरताना एक पायरी कमी असावी तसं. पुन्हा म्हणालो, "उम… म… मा…" पुढे काही येईना.

महादेवीच्या हातातला चिमटा ओट्यावर पडला. आजवर निदान खणखणीत उमरी तरी म्हणत होते, आता तेवढंही गेलं, असं तिला वाटलं. मुलीनेही तेच धरलं. जावई रिक्षा आणायला धावले. झटका परत आला म्हणून रिक्षात दोघी माझे हात चोळत होत्या आणि मी मधेमधे "उम… मा…" करत होतो. मलाही वाटलं, संपलं.

मॅडमनी आधी हात वर करायला लावले, जीभ बघितली, हसायला लावलं. मग विचारलं, नेमकं काय झालं. महादेवीने सांगितलं. सांगताना तीच अडखळत होती. "मला हाक मारली, उमरी म्हणत होते, अल्ल, म्हणत होते पण म्हनले न्हाईत. अर्ध्यातच थांबले."

"स्वतः थांबले? कोणी टोकलं नाही?"

"न्हाई."

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या आणि हसल्या. "काकू, रडताय कशाला? मिठाई आणा. यांना आज पहिल्यांदा स्वतःची चूक ऐकू आली. ऐकू आली म्हणून थांबले."

त्या दोघींना ते पटायला वेळ लागला. घरात आजारी माणूस असला की लोक अडखळण्याला घाबरतात आणि सरळ बोलण्याला सुधारणा समजतात. माझ्या बाबतीत सगळं उलटं होतं. मी सरळ बोलत होतो तेव्हा आजारी होतो आणि अडखळायला लागलो तेव्हा बरा व्हायला लागलो होतो. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

"महादेवी" हा शब्द पुरा निघायला पुढे अकरा दिवस लागले. निघाला तेव्हा ती शेजारणीकडे गेली होती.

नांदेडचं बाकडं

आता माझं उलटं सुरू झालं. दर शब्दावर थांबायचो आणि थांबण्याची लाज वाटायची. फोन घेईना, जावयासमोर बोलेना. मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्हाला वाटतं चांगले लोक न थांबता बोलतात. एक काम करा. रोज तासभर बसस्टँडवर बसा आणि लोक कसे चुकतात ते ऐका. फक्त ऐका."

नांदेडच्या बसस्थानकात मी आणि महादेवी रोज दुपारी एका बाकड्यावर बसायला लागलो. आयुष्य स्थानकात गेलं, पण ते स्वतःचा आवाज ऐकण्यात गेलं होतं. लोक काय बोलतात ते मी पहिल्यांदा ऐकलं, आणि थक्क झालो. सरळ कोणीच बोलत नाही. वकील अडखळतो, भाजीवाली अडखळते, फोनवर भांडणारा माणूस शिवीसुद्धा अर्ध्यात बदलतो. ऐकणाऱ्याला ते जाणवतच नाही.

शिवाय प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. देगलूरकडचे एक तेलुगू बोलणारे आजोबा सुनेला दिवस सांगत होते, "सोमवा… कादु, मंगळवारम्." कादु म्हणजे नव्हे. नव्हे म्हणताना ते हाताने माशी हाकलल्यासारखं करायचे. दख्खनी बोलणारी पोरं सगळं वाक्यच फेकून देऊन नवीन घ्यायची, "मेरेकू लातूर को, नै रे, उदगीर को जाना था वो दिन." आपला मराठी माणूस बऱ्याचदा नाव तसंच ठेवतो आणि शेपूट तेवढं बदलतो, "मी लातूरला… लातूरहून आलो." नाहीतर "आपलं" म्हणतो. "कंधारला, हे आपलं, मुखेडला." चूक झाली तरी तिला आपलं म्हणून घरात घेतो. हा काही अभ्यास नव्हे, एका बाकड्यावरून जेवढं ऐकू आलं तेवढंच.

चौथ्या का पाचव्या दिवशी महादेवी फोनवर भावाशी बोलत होती. कानडीत होतं, पण एवढं मला कळतं. तिचा शब्द अर्ध्यात थांबला, "अल्ल" आलं, ती परत शब्दाच्या सुरुवातीला गेली आणि पुढे निघून गेली. अडखळणं वाटलंच नाही. वाहत्या पाण्याने दगडाला वळसा घालावा तसं ते झालं. पलीकडे तिचा भाऊ निवांत ऐकत असणार. त्याला आजवर कधी तिला त्यावरून काही सांगावंसं वाटलं नव्हतं.

मला फार वाईट वाटलं. या बाईचा ब्रेक उत्तम होता आणि मी तो रोज काढायला बघत होतो. तिचा फोन झाल्यावर मी तिचा हात धरला आणि म्हणालो, "माझं चुक… चुकलं."

तिला वाटलं मी सराव करतोय. "हाव, बरोबर निघाला शब्द," ती म्हणाली.

"सराव न्हाई. चुकलं."

तिने माझ्याकडे बघितलं, मग इकडेतिकडे बघितलं आणि हात सोडवून घेतला. "लोक बगून राहिलेत," म्हणाली. थोड्या वेळाने पिशवीतून संत्रं काढून सोलायला लागली आणि त्यातला मोठा अर्धा भाग मला दिला.

माईक

सात महिन्यांनी डॉक्टरांनी कामावर जायला हरकत नाही असं लिहून दिलं. माईकचं मात्र आमच्या वरच्या साहेबांनी ठरवायचं होतं. ते म्हणाले, एक सकाळ बसून दाखवा, मी शेजारी बसतो. जमलं तर माईक, नाही तर सुट्या भागांच्या स्टोअरमध्ये काम देतो, पगार तोच. साहेब भला माणूस. पण स्टोअरमध्ये टायर असतात, आणि टायरशी कोणी बोलत नाही. महादेवी म्हणाली, "स्टोअरबी चालतंय की, जिवाला ताण न्हाई." मी म्हणालो, "मला न्हाई चालत."

त्या सकाळी ती डबा घेऊन बरोबर आली आणि माझ्या खिडकीसमोरच्या बाकावर बसली. स्थानकात ओळखीचे पुष्कळ होते. चहावाल्याने नमस्कार केला. एका कंडक्टरने लांबूनच विचारलं, "साहेब, गुरुवारवर आज कुटली लागायलीय?" सगळे हसले. मीही हसलो. ते दुखलं, पण रागावण्यासारखं नव्हतं.

मी समोरच्या भिंतीवर फलाटांचे आकडे मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवले होते. पहिल्या तीन सूचना चांगल्या गेल्या. हळू गेल्या, पण गेल्या. साहेब मोबाइलमध्ये बघत होते, म्हणजे ऐकत होते. चौथीला नांदेड गाडी फलाटावर शिरली, त्याच वेळी टेबलावरचा फोन वाजला आणि माझी नजर भिंतीवरून सुटली.

"उदगीरहून येऊन नांदेडकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक गु…"

तोंडात सगळा गुरुवार भरला होता. पठाण साहेब कानात सांगत होते, पूरा बोलो. म्हातारीचं मनगट डोळ्यांसमोर होतं. मी दात आवळले. शब्द तोडला. तोडल्यावर काहीतरी म्हणायला हवं होतं. मराठीतला कुठलाच शब्द हाताशी आला नाही, आणि स्थानकाच्या चारी कोपऱ्यांतल्या भोंग्यांतून माझ्या आवाजात ऐकू आलं, "अल्ल."

मी जाळीतून बाहेर बघितलं. आता पळापळ होणार असं वाटलं. कोणी पळालं नाही. लोक रुमाल हातात धरून उभे होते. एकाचा पाय उचललेला होता, तो त्याने खाली ठेवला. सगळे माझ्या खिडकीकडे बघत होते. खिडकीजवळच्या एका पागोटेवाल्या म्हाताऱ्याने सांगितलं, "सावकाश सांगा साहेब. गाडी कुटं पळून चालली?"

"दोन," मी म्हणालो. "फलाट क्रमांक दोन."

आणि मग ते पळाले. खिडक्यांतून रुमाल उडाले, कोणाची टोपी आत पडली, भांडण सुरू झालं. सगळं जिथल्या तिथे होतं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि साहेबांना ते दिसू नये म्हणून मी फोन उचलला. तो केव्हाच बंद झाला होता.

साहेब उठले. "सकाळचा माईक तुमच्याकडं," म्हणाले. "दुपारून दुसरा माणूस देतो. थकाल." दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "भिंतीवरचा कागद राहू द्या."

महादेवी डबा द्यायला खिडकीशी आली. तोंड अगदी गंभीर होतं. जाळीजवळ वाकून ती म्हणाली, "री, आधी ठरवा, मग बोला."

हे वाक्य ती एका दमात बोलली, कुठेही न थांबता. इतकी वर्षं माझ्याकडून ऐकून तिचं ते पाठच झालं होतं.